उथळ काळी जमीन: खोली मोजण्यापासून पेरणीपर्यंत

काळी माती म्हटली की डोळ्यांसमोर येते ते पुरुषभर खोल, उन्हाळ्यात भेगाळलेले रान. पण अहिल्यानगर, सोलापूर, बीड, धाराशिव हे जिल्हे, साताऱ्यातले माण-खटाव आणि सांगलीतले जत-आटपाडी या पट्ट्यात कितीतरी शिवारांत कुदळीच्या दोन-तीन घावांतच मुरूम लागतो. वरची माती मात्र तशीच काळी आणि तशीच चिकण असते, पावसात पायाला तशीच चिकटते. फसगत होते ती इथेच. रंग भारी जमिनीचा आणि पाणी साठवण्याची ऐपत हलक्या जमिनीची, हे या मातीचे खरे लक्षण. खोली न मोजता नुसत्या रंगावरून पीक ठरवले, तर सप्टेंबरात हिरवेगार दिसणारे रान नोव्हेंबरात माना टाकते.

म्हणून या जमिनीबाबत आधी मोजायची ती खोली. सामू (पीएच), नत्र, स्फुरद, वाण हे सगळे त्यानंतर.

ही माती अशी का झाली

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभे आहे. विहीर खोदणाऱ्याला हे थर तोंडपाठ असतात: वर मुरूम, मग कुठे ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या खडक, कुठे पहारीला दाद न देणारा काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये अधूनमधून लाल मातीचा पट्टा. या बेसाल्टात लोह, चुना आणि मॅग्नेशियम भरपूर. कमी पावसात तो झिजला की स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. तिचे कण पानांच्या गड्डीसारखे असतात. पाणी पानांच्या मध्ये शिरले की गड्डी फुगते, वाळली की आवळते. भेगा पडतात त्या या आवळण्यामुळे.

याच खडकावर महाबळेश्वरसारख्या धुवाधार पावसाच्या माथ्यावर तांबडा जांभा होतो, कारण तिथे चुना आणि सिलिका धुऊन निघून जातात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला ५०० ते ७०० मिमी पाऊस पडतो. तेवढ्याने चुना वाहून जात नाही, तो मातीतच खाली साचतो. त्यामुळे सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो.

माती खोल की उथळ हे उतारावर ठरते. टेकाडाच्या माथ्यावर नवी माती तयार होण्याआधीच जुनी वाहून जाते, म्हणून तिथे बरड. मधल्या उतारावर वीत-दीड वीत काळी माती, आणि ओढ्याकाठी वरून आलेले सगळे साचून भारी रान. एकाच गटात, शंभर-दोनशे मीटरच्या अंतरात हे तिन्ही प्रकार सापडू शकतात. सातबाऱ्यावर गट एक असला तरी शेतीच्या हिशेबाने ती तीन वेगळी राने आहेत.

खोली मोजणे

यासाठी मे महिना उत्तम. रान मोकळे असते आणि भेगांमुळे थर स्पष्ट दिसतात. सोबत पहार, कुदळ, टेप, धान्याची चाळणी, दोन बादल्या आणि शक्य असल्यास पावसाचे साठवलेले पाणी घ्या.

पहिली फेरी गजाने करा. १२ मिमी जाडीचा, मीटरभर लांब लोखंडी गज टोकदार करून घ्या, त्यावर दर ५ सेंमीला खूण करा आणि उताराच्या दिशेने दर वीस-पंचवीस पावलांवर ठोका. मातीत गज मऊ जातो, मुरमाला लागला की खरखर आवाज येतो, आणि पाषाणाला लागला की हात झिणझिणतो. मधे एखादा धोंडा असला तर आकडा खोटा येतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी हातभर अंतरात तीनदा ठोकून सर्वांत जास्त आलेला आकडा धरा. बांधाजवळ, झाडाखाली आणि जुन्या उकिरड्याच्या जागी मोजू नका, तिथली माती रानाचे प्रतिनिधित्व करत नाही. कच्च्या नकाशावर आकडे लिहून घेतले की रानाचे पट्टे आपोआप वेगळे दिसू लागतात.

मग प्रत्येक पट्ट्यात एक खड्डा घ्या. लांबी-रुंदी हातभर, खोली मुरूम लागेपर्यंत आणि मुरमात आणखी वीतभर. खड्ड्याची एक बाजू सरळ तासून उन्हात पाहा. वर चार-पाच सेंमी भुसभुशीत कणीदार थर, खाली कोनाकोनांची ढेकळे, मग मुरमाचे तुकडे मिसळलेला करडा पट्टा आणि शेवटी मुरूम, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. खोल भारी जमिनीत दोन-तीन फुटांवर मातीचे चकचकीत, घासलेले पृष्ठभाग दिसतात. माती फुगताना थर एकमेकांवर घसरतात, त्याची ती खूण. उथळ जमिनीत घसरायला जागाच नसते, म्हणून ती सहसा दिसत नाही.

खोलीच्या वर्गांबाबत एक घोटाळा आधीच समजून घ्या. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या नकाशांत २५ ते ५० सेंमी खोलीला 'उथळ' म्हणतात. कोरडवाहू शेतीच्या शिफारशींत मात्र ७.५, २२.५ आणि ४५ सेंमी असे टप्पे येतात. हे आकडे विचित्र वाटतात, पण जुन्या मापात ते तीन इंच, एक वीत आणि एक हात एवढेच आहेत. शेतात उभे असताना वीत आणि हात हीच मापे सोयीची.

मुरूमही वाचावा लागतो. कुदळीने सहज फुटणारा, भेगांमध्ये मुळ्यांचे जाळे असलेला पिवळसर मुरूम हा जमिनीचाच खालचा मजला असतो. तूर, बोर, सीताफळ यांची मुळे त्यात शिरतात आणि तिथला ओलावाही थोडाफार वापरतात. मातीखाली थेट सलग पाषाण असेल तर हिशेब मातीशीच संपतो, आणि ओल्या वर्षात पाणी तुंबण्याचा धोका वेगळाच. दोन्ही रानांत माती ३० सेंमीच असली तरी ती सारखी राने नव्हेत.

हे तपासण्यासाठी मुरमात वीतभर खोल खळगा करून पाण्याने भरा. पहिले पाणी जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरते ते टेपने मोजा. दोन सेंमीपेक्षा जास्त उतरली तर निचरा चांगला. अर्धा सेंमीही उतरली नाही तर पावसाळ्यात मुळांशी पाणी उभे राहणार हे धरून चाला.

गोटे वजा करा

उथळ काळ्या मातीत मुरमाचे खडे आणि गोटे मिसळलेले असतात. ते जागा व्यापतात, पण पिकाच्या उपयोगाचे पाणी फारसे धरत नाहीत. म्हणून मोजलेल्या खोलीतून त्यांचा वाटा काढून टाकावा लागतो. ही पायरी जवळजवळ सगळेच वगळतात आणि मग पाण्याचा अंदाज चुकतो.

३० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल, सरळ कडांचा खड्डा घेतला की त्यातून २७ लिटर माती निघते. ती पूर्ण चाळा. चाळणीवर उरलेले खडे तासभर पाण्यात भिजवा, कारण झिजलेला मुरूम पाणी पितो आणि माप बिघडवतो. मग एक बादली काठोकाठ भरून मोठ्या घमेल्यात ठेवा, खडे तिच्यात हळूहळू सोडा आणि सांडलेले पाणी मोजा. ८ लिटर सांडले तर खड्यांचा वाटा सुमारे ३० टक्के. म्हणजे ४० सेंमी दिसणारी माती प्रत्यक्षात २८ सेंमीच. पृष्ठभागावरच्या गोट्यांची गोष्ट मात्र उलटी आहे. ते बाष्पीभवन रोखतात आणि पावसाच्या थेंबाचा मारा झेलतात. मुठीएवढे गोटे वेचून रान चकाचक करण्याचा हव्यास इथे नुकसानच करतो. औताला अडणारे मोठे धोंडे तेवढे काढून बांधाला लावा.

पाण्याचा हिशेब

गोटे वजा केलेल्या एक सेंमी चिकणमातीत पिकाला घेता येईल असे साधारण १.५ मिमी पाणी मावते. चिकणमातीत एकूण पाणी याहून बरेच जास्त असते, पण त्यातले पुष्कळसे कण इतके घट्ट धरून ठेवतात की मुळांना ते ओढता येत नाही. हातात घेतल्यावर माती ओलसर लागते आणि तरी पीक सुकते, त्याचे कारण हे.

आता गुणाकार करा. वीतभर मातीत ३३ मिमी, हातभर मातीत ६७ मिमी, दोन हात खोल रानात १३५ मिमी. वाढीच्या भरातले पीक दिवसाला ४ ते ५ मिमी पाणी ओढते. म्हणजे वीतभर मातीचे पीक शेवटच्या पावसानंतर सात-आठ दिवस निभावते, हातभर मातीतले दोन आठवडे. नंतर ते मुरमातून जे मिळेल त्यावर. पावसाचा खंड तीन आठवड्यांचा पडला, तर पीक का गेले हे आभाळाला विचारायला नको, उत्तर या गुणाकारात आहे.

याची दुसरी बाजूही आहे. साठा लहान म्हणून तो लवकर भरतो. ५०-६० मिमीचा एक पाऊस झाला की माती तुडुंब होते आणि त्यानंतरचे पाणी उतारावरून वाहते किंवा माती-मुरमाच्या सांध्यावरून आडवे सरकून खालच्या बांधाशी उपळ फोडते. कोरड्या मातीत पहिला पाऊस भेगांतून भराभर आत जातो. माती फुगून भेगा मिटल्या की जिरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. म्हणून जूनमधला जोरदार पाऊस मुरतो आणि सप्टेंबरमधला तेवढाच पाऊस गढूळ होऊन ओढ्याला जातो.

हाताने करायच्या तपासण्या

मूठभर माती गोटे काढून, लोण्यासारखी होईपर्यंत मळा आणि अंगठा व तर्जनीच्या मधून पट्टी काढा. ५ सेंमीपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर माती चिकण आहे. अडीच सेंमीच्या आत तुटली तर पोयट्याकडे झुकलेली, आणि वरचे पाण्याचे आकडे थोडे बदलतील.

चुन्यासाठी पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब ढेकळावर टाका. बाजारात मिळणारे ॲसिड एक भाग आणि पाणी दोन भाग, हातमोजे व चष्मा घालून. ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. जोरात फसफसले तर चुना भरपूर. ही तपासणी वरच्या थराला, खालच्या करड्या पट्ट्याला आणि मुरमाला वेगवेगळी करा, कारण चुना खाली वाढत जातो. मुरमातले पांढरे चमकदार स्फटिक पाहून पुष्कळांना चुनखडी वाटते. ते बहुधा झिओलाइट असतात, थेंब टाकला तरी फसफसत नाहीत आणि पिकाला अपायही करत नाहीत.

तिसरी तपासणी बागायती रानासाठी फार महत्त्वाची. वाटाण्याएवढे कोरडे ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ विरघळून खाली बसले पण पाणी नितळ राहिले, तर काळजी नाही. पाणी भोवती दुधाळ झाले आणि दुसऱ्या दिवशीही निवळले नाही, तर मातीत सोडियम वाढले आहे, जमीन चोपण होत चालली आहे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी इथे चालत नाही. त्यातले क्षार माती निवळवतात आणि दोष झाकला जातो.

प्रयोगशाळेला नमुना देताना फक्त मातीचा थर द्या. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घेताना टोक मुरमात गेले तर चुना आणि सामू दोन्ही वाढून येतात. आणि नकाशावरच्या प्रत्येक पट्ट्याचा नमुना वेगळा. माथ्याची आणि ओढ्याकाठची माती एकत्र कालवून आलेला अहवाल दोन्हींपैकी कुठल्याच रानाचा नसतो.

काय पेरावे

तीन इंचांपेक्षा कमी माती असेल तिथे नांगर घालूच नये. ते गवताचे रान आहे. पवना, मारवेल, अंजन यांसारखी गवते तिथे चांगली येतात, सोबत स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक पेरले तर चारा सकस होतो. अशा माळाला पडीक म्हणून हिणवले जाते, पण सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य याच प्रकारच्या गवताळ माळावर उभे आहे. तिथे सरसकट झाडे लावणे म्हणजे चालता संसार मोडणे.

तीन इंच ते वीतभर खोलीवर खरिपातली कमी मुदतीची पिके घ्या: हुलगा, मटकी, लवकर येणारी बाजरी. पावसावर उगवून पावसासोबत संपणारे पीक, एवढा एकच निकष. रब्बीचे नाव इथे काढू नये.

वीत ते हात या पट्ट्यात निवड थोडी मोकळी होते. बाजरी आणि तूर २:१ ओळींत घेतली तर बाजरी वरचे पाणी वापरून लवकर निघते आणि तुरीची मुळे नंतर मुरमाच्या भेगांत उतरतात. मुरूम मऊ असेल तरच हे साधते. पाषाण असेल तर तूर फुलोऱ्यात वाळते.

रब्बी ज्वारीसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस जमिनीच्या खोलीवरच बेतलेली आहे. ३० सेंमीपर्यंतच्या हलक्या रानासाठी फुले अनुराधा आणि फुले माऊली, ६० सेंमीपर्यंतच्या मध्यम रानासाठी फुले सुचित्रा, फुले माऊली, मालदांडी ३५-१ असे वाण, आणि त्याहून खोल जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा. भारी रानात गाजलेला वाण हलक्या रानात आणणे ही नेहमीची चूक. त्याचे दिवस जास्त, आणि दाणे भरायच्या आत जमिनीतली ओल सरलेली असते. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात सांगतात, पण उथळ रानात पहिला पंधरवडाच आपला. बियाणे एकरी ४ किलो, दोन ओळींत ४५ सेंमी, बी ५ सेंमी खोल. विरळणी करताना दोन रोपांत १५ ते २० सेंमी ठेवा. पाणी ठरावीक आहे, खाणारी तोंडे कमी ठेवावी लागतात.

खताचेही तसेच. कोरडवाहू ज्वारीला हलक्या जमिनीत हेक्टरी २५ किलो नत्र, मध्यम जमिनीत ४० किलो नत्र आणि २० किलो स्फुरद, भारी जमिनीत ६० आणि ३०. हेक्टरी २५ किलो नत्र म्हणजे एकरी सुमारे २२ किलो युरिया. तो दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्यासोबतच जमिनीत पेरा. सामू आठच्या पुढे असलेल्या मातीवर युरिया नुसता फेकला तर त्यातला बराच अमोनिया होऊन हवेत जातो. स्फुरदाचे उलटे: तो उडत नाही, चुन्याशी बांधला जाऊन अडकतो. म्हणून तोही फोकून न देता मुळांजवळ पडला पाहिजे. पालाश या मातीत सहसा पुरेसे निघते.

चुनखडीच्या रानात कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह भरपूर आहे, ते फक्त विरघळलेले नाही. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकून उपयोग होत नाही, तोही तिथे अडकतो. ०.५ टक्के हिराकसाची, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅमची, फवारणी करा, किंवा तो शेणखतात मुरवून द्या. पाणी तुंबल्यावर येणारा पिवळेपणा याच्यासारखाच दिसतो, तेव्हा फवारणीआधी मुळाशी कुदळ मारून पाहा.

मशागत आणि कोळपणी

खोल नांगरट ही भारी जमिनीची मशागत. वीत-दीड वीत मातीत नांगर तेवढाच खोल घातला तर मुरूम वर येतो, माती खाली जाते, चुना पृष्ठभागावर पसरतो, आणि हे पुन्हा उलटवता येत नाही. मुरमाच्या किमान ५ सेंमी वर थांबा. दरवर्षी नांगरण्यापेक्षा कुळवाच्या दोन पाळ्या पुरतात.

वापसा, म्हणजे औत घालण्याजोगी ओल, ओळखणे हे या मातीतले मुख्य कसब. १० सेंमी खोलीवरची माती घेऊन लिंबाएवढा गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून टाका. चपटा झाला तर थांबा. चार-पाच तुकडे झाले तर औत घाला. गोळाच वळला नाही तर वेळ गेली. ओल्यात औत घातले की चिकणमाती रापून विटेसारखी ढेकळे होतात. उथळ रानाचा वापसा भारी रानापेक्षा लवकर येतो आणि दोन-तीन दिवसांत जातो, म्हणून ट्रॅक्टरची पाळी लावताना माथ्याचे रान आधी, ओढ्याकाठचे नंतर.

ज्वारीच्या तीन कोळपण्यांना इथे पाण्याच्या पाळीइतके मोल आहे. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे तणासाठी. पाचव्या आठवड्यात पासाचे कोळपे, जे वरचा थर मोकळा करून ओल झाकते. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपे, आणि ही तिसरी पाळी फक्त भेगा बुजवण्यासाठी. उथळ मातीतली भेग थेट मुरमापर्यंत जाते, तिच्या दोन्ही भिंतींतून माती वाळते आणि मुळे तुटतात. शेतात तण नाही म्हणून ही पाळी सोडून देतात, आणि जमिनीतली ओल नेमकी त्या दिवसांत उडते.

उतार, बांध, चर

हेक्टरवरून एक सेंमी माती वाहणे म्हणजे १०० घनमीटर, वजनाने १३० टनांच्या आसपास. दोन मीटर खोल रानाला ते जाणवत नाही. २५ सेंमीच्या रानाचा मात्र पाण्याचा साठा त्याने चार टक्क्यांनी कमी होतो, कायमचा.

सगळी कामे उताराला आडवी: पेरणी, कोळपणी, सऱ्या. समपातळीची रेषा आखायला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना दोन काठ्यांवर धरले तरी पुरते. रब्बीच्या रानात पावसाळ्यातच उताराला आडव्या सऱ्या काढून त्यांत थोड्याथोड्या अंतरावर मातीचे आडोसे घालावेत, म्हणजे प्रत्येक तुकडा आपला पाऊस आपल्याच अंगणात जिरवतो. माथ्याच्या बरड भागात समपातळी चर घ्यावेत, ६० सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल, निघालेली माती उताराच्या खालच्या बाजूला.

बांध नुसत्या काळ्या मातीचा घातला तर उन्हाळ्यात तो भेगाळतो आणि पहिल्याच पावसात भेगेतून फुटतो. आत मुरूम आणि गोटे, वर मातीचे आवरण आणि त्यावर मारवेल, अशी रचना टिकते. सांडवा दगडी असावा. बांधाची माती खोल खड्डा करून न काढता वरच्या बाजूने रुंद, पातळ खरवडून घ्या, नाहीतर बांधालगत मुरमाची उघडी पट्टी तयार होते.

शेततळे करायचे असेल तर लक्षात ठेवा, वरची चिकणमाती पाणी धरते पण ती काढूनच खड्डा होतो, आणि उरलेल्या मुरमातून पाणी झिरपते. प्लास्टिक अस्तराशिवाय इथले तळे सहसा दिवाळीही पाहत नाही.

गाळ टाकताना

तलावातला गाळ टाकून खोली वाढवणे हा एकमेव उपाय आहे ज्याने साठा खरोखर वाढतो. राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे तो पुष्कळांना परिचयाचा आहे. पण हिशेब आधी करा. एका एकरावर एक सेंमी थर म्हणजे ४० घनमीटर, सुमारे १४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). पाच सेंमी थराला ७० ब्रास लागतात आणि त्यातून वाढतो ७-८ मिमी साठा, म्हणजे पिकाचे आणखी दीड-दोन दिवस. म्हणून सगळ्या रानावर पातळ शिंपण्यापेक्षा, वीतभर खोलीच्या एका पट्ट्याला हातभराच्या जवळ नेणे जास्त उपयोगी.

आणण्यापूर्वी गाळाची पेल्यातली तपासणी करा. दुधाळ पाणी देणारा गाळ म्हणजे विकतची चोपण. टाकल्यावर तो कुळवाने खालच्या मातीत मिसळा. नुसता पसरवून ठेवलेला गाळ वाळला की पापुद्रे धरतो, त्याखाली पाणी जात नाही. मुरमाड रानाला गाळ मानवतो, पण आधीच साठ टक्के चिकण असलेल्या मातीत त्याने फक्त खोली वाढते, पोत सुधारत नाही. पोतासाठी शेणखत, हिरवळीचे पीक आणि धसकटे रानात ठेवणे, याला दुसरी वाट नाही.

फळझाडे आणि पाणी

सीताफळ, बोर, आवळा, चिंच ही उथळ रानाची झाडे. डाळिंबही येते, कारण त्याला निचरा हवा असतो. इथे सर्वांत जास्त चुका खड्ड्यात होतात. ६० × ६० × ६० सेंमीचा खड्डा मुरमात घेतला आणि त्यात गाळ व शेणखत भरले की तो एक कुंडी बनतो. पाऊस जास्त झाला की पाणी त्यात साचते आणि मुळे कुजतात. पाऊस कमी झाला की मुळे खड्ड्याबाहेर पडत नाहीत आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड खुंटते. त्यावर उपाय असा: सुटे खड्डे न घेता ओळीने सलग चर काढा, त्याला किंचित उतार द्या, तळाचा मुरूम पहारीने फोडून ठेवा आणि भरताना निघालेला बारीक मुरूम मातीत मिसळा. नुसता पाषाण असेल तिथे मातीचा गादीवाफा वर उचलून त्यावर झाड लावणे बरे. बारामती तालुक्यात माळेगाव येथे असलेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे प्रक्षेत्र अशाच बेसाल्टी मुरमाड जमिनीवर आहे. खडक फोडून झाडे लावण्याचे काम प्रत्यक्ष पाहायचे असेल तर ती जागा योग्य.

बागायतीत पाण्याचा हिशेब पुन्हा खोलीवरच येतो. ३० सेंमी निव्वळ माती असेल तर साठा ४५ मिमी. त्यातला निम्मा संपला की पाणी द्यायचे, म्हणजे एका वेळी २२ मिमी, एकरी सुमारे ९० हजार लिटर. पंपाखाली २०० लिटरचा पिंप ४० सेकंदांत भरत असेल तर ताशी १८ हजार लिटर, म्हणजे पाच तास. याहून जास्त वेळ पंप चालला तर पाणी मुरमात जाते आणि सोबत नत्रही. हे २२ मिमी पिकाला चार-पाच दिवस पुरतात. पाटाची पाळी दोन-तीन आठवड्यांनी येत असेल तर त्या पाण्यावर उथळ रानात भाजीपाला घेण्यात अर्थ नाही, आणि उसाचा विचारही नको. ठिबकमध्ये ताशी ४ लिटरपेक्षा २ लिटरचे ड्रिपर घ्या. माती फुगल्यावर ती सावकाशच पिते आणि जास्तीचे पाणी वरून पसरते.

खाली सलग पाषाण असलेल्या रानात बोअरचे खारट पाणी वर्षानुवर्षे दिले तर क्षार जायला वाट नसते. जमिनीवर क्षारांचा पांढरा थर दिसू लागला किंवा पेल्यातले पाणी दुधाळ झाले, तर जिप्समच्या आधी चर काढा. निचरा नसताना टाकलेले जिप्सम सोडियम सोडवते, पण ते बाहेर नेत नाही.

शेवटचे काम दहा मिनिटांचे. प्रत्येक पट्ट्यात वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक लोखंडी गज पाषाणापर्यंत ठोकून पक्का करा आणि जमिनीच्या पातळीवर त्याला रंगाची खूण लावा. दर मे महिन्यात खुणेपासून माती किती खाली गेली किंवा किती वर चढली ते मोजून वहीत लिहा. वरचा गज उघडा पडत असेल आणि खालचा बुजत असेल, तर त्या पट्ट्यात पावसाआधी आणखी एक आडवा बांध घालायचा.